तांबड्या पट्टीचा माइक

यामिनीबाईंनी माइक स्टुलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला. रागावल्या की त्या वस्तू आपटत असत, त्यामुळे शांतपणे ठेवलेला तो माइक पाहून मला धास्ती वाटली.

"घोडकेबाई, ऐकलंत ना?" त्या रंगमंचावरून म्हणाल्या. "आता तरी ऐकलंत?"

मी ऐकले होते. १९९७ सालचा फेब्रुवारी महिना, सोलापुरातले एक नाट्यगृह, दुपारचे तीन. खुर्च्या रिकाम्या होत्या आणि बाराव्या रांगेच्या मध्यावर मी मिक्सर मांडून बसले होते. 'दोन वेण्या' हे त्या वर्षी गाजलेल्या एका कॅसेटचे शीर्षकगीत. त्याच्या शेवटच्या कडव्यात यामिनी गद्रे डावीकडून आणि शहनाज मुजावर उजवीकडून चालत मध्यभागी येत आणि खांद्याला खांदा लावून एकच ओळ एकाच सुरात गात. कार्यक्रमाचा कळस तो, आणि नेमके तिथेच दोघींचे आवाज बसत. बेसूर होत नसत, नुसते पातळ होत. भरलेल्या घागरीला खालून भोक पडावे तसे.

साताऱ्यात झाले, कराडला झाले, बार्शीला झाले. आता सोलापूरच्या तालमीत चौथ्यांदा.

"ही मुलगी जवळ आली की माइक वळवते," यामिनीबाई म्हणाल्या. "माझा आवाज खाते."

"मी खातेय?" शहनाजने स्वतःचा माइक छातीशी धरला. "ताई, माझाच आवाज जातोय की. तुम्ही जवळ आलात की मला मीच ऐकू येईना झालेय."

"लांब असतेस तेव्हा बरी खणखणीत ऐकू येतेस."

"तुम्ही पण."

वादकांपैकी कोणीतरी हसले. विंगेतून प्रभाकर नाडगौडा पुढे आले. कॅसेट त्यांची, दौरा त्यांचा, आणि मीही त्यांचीच, सहा कार्यक्रमांच्या बोलीवर.

"बास," ते म्हणाले. "लांब उभ्या राहिल्या की दोघी कोकिळा, जवळ आल्या की दोघी मांजरी. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो."

"आम्ही तलवारी न्हाई, साहेब," शहनाज म्हणाली. "गायला आलोय."

"मग गायचं होतं. घोडकेबाईंच्या वहीतसुद्धा लिहिलंय, यंत्रात दोष नाही म्हणून." त्यांनी घड्याळ पाहिले. "पाच वाजता मिरजेची गाडी आहे. तू आज घरी जा. शेवटचं कडवं मॅडम एकट्या म्हणतील. पुढच्या गावचं पुढे बघू."

पुढच्या गावचे पुढे बघू म्हणजे काय, हे त्या रंगमंचावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते.

वहीत तसे लिहिले होते हे खरे. कोल्हापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मी १९७८ साली रेडिओ अभियांत्रिकीची पदविका घेतली. आमच्या वर्गात बेचाळीस मुलगे आणि मी. तिथल्या कार्यशाळेने मला एक सवय लावली. जे मोजले ते लिहायचे, आणि जे लिहिले त्याखाली सही करायची. प्रत्येक कार्यक्रमाला कोणता माइक कोणाला दिला, मिक्सरवरची कोणाच्या आवाजाची कळ किती वर होती, सारे माझ्या नोंदवहीत असे. यामिनीबाईंच्या माइकला निळी चिकटपट्टी, शहनाजच्या माइकला तांबडी. दोन्ही कळा नेहमी एकाच रेघेवर. कराडच्या कार्यक्रमानंतर मी लिहिले होते : 'दोन्ही गायिका जवळ आल्यावर एकमेकींचा आवाज दाबतात. यंत्रणेत दोष नाही.' आणि खाली सही.

त्या दौऱ्यावर तंत्रज्ञ म्हणून मला घेताना नाडगौडांनी सर्वांना सांगितले होते, "बाई आहेत, पण डिप्लोमावाल्या आहेत." त्या 'पण'ला मी सहा कार्यक्रम उत्तर देणार होते. पुण्याचा एक अनुभवी गृहस्थ माझ्या जागेसाठी थांबलेला आहे, हेही त्यांनी मला दोनदा ऐकवले होते.

शेवटचे कडवे एकट्याने कुठून म्हणायचे, हे विचारायला मी मेकअपच्या खोलीत गेले. यामिनीबाई आरशासमोर बसल्या होत्या, पण आरशात पाहत नव्हत्या.

"ती गेली का?" त्यांनी विचारले.

"सामान आवरते आहे."

"तुम्हाला वाटत असेल, बाई दुष्ट आहे."

"मला तसं काही वाटत नाही."

"वाटू दे. घोडकेबाई, मला छत्तिसावं चालू आहे. बार्शीच्या पोस्टरवर माझं नाव वर होतं, पण अक्षर बारीक झालं होतं. मी वीत लावून पाहिलं. तिचं नाव एक वीत, माझं चार बोटं कमी." त्यांनी पावडरची डबी उचलली. "गळा खराब झाला तर मी स्वतः घरी जाईन. पण माझा गळा शाबूत आहे. शाबूत असलेला आवाज त्या एका ओळीत जातो कुठे, तेवढं मला कोणी सांगत नाही."

मी बाहेर आले. खरे सांगायचे तर मी उत्तर शोधलेच नव्हते. दोन गायिका, एक थोरली, एक नवी, एकीचे नाव वर आणि दुसरीच्या टाळ्या जास्त. यात शोधण्यासारखे काय होते?

रंगमंचावर शहनाज तिची हिरवी पिशवी बांधत होती. वादक चहाला गेले होते. ती मिरजेची, तिचे वडील तंबोऱ्यांचे भोपळे कोरीत असत.

"बाई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"तुम्ही माझी कळ खाली ठेवताय का? शेवटच्या कडव्याला?"

"नाही. दोघींची कळ एकाच रेघेवर असते. वही दाखवू?"

"वही नको. साहेबांनी दाखवली की वही." ती पिशवीवर बसली. "घरात सांगून आलेय, दोन वर्षं गाणार. न्हाई जमलं तर मग ते म्हणतील तिथं लग्न. मुलगा बघून ठेवलाय, जयसिंगपूरचा. आज रात्री घरी पोचले की अम्मी काही विचारणार न्हाई. उद्यापासून पाहुणे येतील."

मी स्टुलावरचा निळ्या पट्टीचा माइक उचलून पुसायला घेतला.

"एवढं मात्र सांगते," ती म्हणाली. "तो आवाज गळ्याचा न्हाई. ताईंच्या पण न्हाई आणि माझ्या पण न्हाई. अब्बांच्या हातात तडकलेला भोपळा आला की असाच वाजतोय, पोकळ. वाजवणारा कितीबी चांगला असू दे. गळा बसला की खरखर होते. ही खरखर न्हाई, पोकळ आहे."

"तसं सिद्ध करता येत नाही, शहनाज."

"का येत न्हाई?" ती उठली. "ताई म्हणतात मी त्यांचा आवाज खातेय. आता ताई न्हाईत. द्या तो माइक."

तिने माझ्या हातातून निळ्या पट्टीचा माइक घेतला, स्टुलाजवळचा तांबड्या पट्टीचा उचलला. "जावा तुमच्या जागेवर. दोन्ही कळा त्याच रेघेवर ठेवा. मी एकटी गातेय, दोन्ही हातात धरून. बघू आता कोण कोणाला खातंय ते."

मी बाराव्या रांगेत गेले ते तिची समजूत काढण्याऐवजी तेवढे करणे सोपे होते म्हणून. कळा रेघेवर आणल्या. तिने आधी तांबडा माइक तोंडाशी धरला आणि ओळ म्हटली. नाट्यगृह भरून गेले. मग निळा. तितकेच भरले. मग दोन्ही माइक एकत्र जोडून ओठांशी धरले आणि तीच ओळ तिसऱ्यांदा म्हटली.

आवाज गेला. एकच मुलगी, एकच गळा, दोन माइक. आणि ध्वनिक्षेपकांतून आली ती फक्त एक बारीक, पोकळ किनार.

तिने गाणे थांबवले नाही. दोन्ही माइक हळूहळू एकमेकांपासून दूर नेले. आवाज परत आला. जवळ आणले, गेला. दूर नेले, आला. तिच्या मागे विंगेच्या पडद्यापाशी यामिनीबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. एका हातात तशीच राहिलेली पावडरची डबी.

मी मात्र खुर्चीत बसूनच राहिले. हा दोष मला माहीत होता. दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेत आम्हाला तो मुद्दाम करून दाखवला होता. दोन माइकांपैकी एकाची जोडणी उलटी झाली, तर एक जेव्हा ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा तोच पडदा मागे ओढतो. वेगवेगळे वापरा, दोन्ही उत्तम. एकच आवाज दोन्हींत सारखा शिरू द्या, की ते एकमेकांना पुसून टाकतात. जितके जवळ, तितके जास्त. हे मला साताऱ्यालाच सुचायला हवे होते. सुचले नाही, कारण मला कारण आधीच मिळालेले होते.

मी मल्टिमीटर घेऊन रंगमंचावर गेले. निळ्या पट्टीची तार नवी होती, दोन्ही टोके मी जोडलेली. तांबडी तार जुनी, शहनाज दौऱ्यात आली तेव्हा पेटीतून काढलेली. तिचा माइककडचा प्लग तुटका होता; तो मी नवीन बसवला, पुस्तकात दिलेल्या क्रमाने, भिंगातून पाहून. मिक्सरकडचा प्लग माझ्या आधीच्या तंत्रज्ञाचा, ढवळ्यांचा. आता मी तो उघडला. ढवळे प्लगमधल्या दोन बारीक तारा आयुष्यभर स्वतःच्याच, उलट्या क्रमाने जोडत आले होते. दोन्ही टोके त्यांच्याच हातची असत तोवर उलट्याचे सुलट होऊन जाई. मी एक टोक बरोबर केले आणि तार चुकली. माझे टोक मी तीनदा तपासले होते. त्यांचे एकदाही नाही. आणि दोन माइक एकाच आवाजावर, एकाच वेळी, मी कधीच लावून पाहिले नव्हते.

"सापडलं?" शहनाजने विचारले.

"सापडलं."

"माझ्याकडून काही...?"

"नाही. यामिनीबाईंकडूनही नाही."

यामिनीबाई पुढे आल्या. उघडलेल्या प्लगकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. "एवढंसं?" त्या म्हणाल्या.

"एवढंसंच."

चार वाजायला दहा मिनिटे होती. प्लगमधल्या त्या दोन बारीक तारांची अदलाबदल करायला मला सात मिनिटे पुरली असती. नाडगौडा विश्रामगृहावर होते. परत आल्यावर त्यांना दोघी भरल्या आवाजात गाताना ऐकू आल्या असत्या, आणि आपल्या दटावणीने काम झाले असे ते आनंदाने समजले असते. कदाचित शहनाजला ठेवलेही असते, एक संधी म्हणून. माझी जागा राहिली असती. पुण्याचा गृहस्थ थांबलेलाच राहिला असता.

मी तार तशीच उघडी ठेवली आणि त्यांना बोलावणे पाठवले.

ते आले तेव्हा आम्ही तिघी रंगमंचावर उभ्या होतो. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवले आणि शहनाजला पुन्हा तोच प्रयोग करायला सांगितला. मग तार दाखवली, थोडक्यात सांगितले. ते हुशार होते. दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही.

"म्हणजे ढवळेची तार," ते म्हणाले. "चूक त्याची."

ही वाट त्यांनी मला उघडून दिली होती. कदाचित चांगुलपणाने.

"एक टोक त्यांचं," मी म्हणाले. "जोडणी माझी. तपासणी माझी. वहीतली नोंदही माझी."

"तीन गावं. तीन गावं मी या पोरीला बोल लावला, तुमच्या सहीवर भरवसा ठेवून."

"म्हणूनच दुरुस्त करण्याआधी तुम्हाला बोलावलं."

ते उठले. "सहा कार्यक्रमांची बोली आहे, घोडकेबाई. ते सहा पुरे करा. पुढचं मी बघतो." जाता जाता शहनाजच्या पिशवीपाशी थांबले. क्षमा मागण्याची त्यांना सवय नव्हती. "ती पिशवी आत ने," ते म्हणाले. "रंगमंचावर सामान नको."

मी बसले आणि डाग द्यायला घेतला. दोघी तिथेच उभ्या होत्या. सोल्डरचा धूर वर चढत होता.

"मी तुला घालवत होते," यामिनीबाई म्हणाल्या.

"व्हय," शहनाज म्हणाली. "मी पण अब्बांना पत्रात लिहिलं होतं, एक म्हातारी बाई माझा गळा दाबायलीय म्हणून."

"म्हातारी?"

"पत्र अजून टाकलं न्हाई."

यामिनीबाईंनी पावडरची डबी बंद केली. तार तयार झाल्यावर त्यांनी माझ्या हातातून तांबड्या पट्टीचा माइक उचलला. "आज हा मी घेते. तू निळा घे. म्हणजे मागाहून माइकाचं कारण कोणी सांगायला नको."

"पोस्टरवर नाव तुमचंच वर राहतंय, ताई."

"ते राहणारच आहे."

मी वही काढली. कराडच्या नोंदीवर एक रेघ ओढली, खालचे वाचता येईल अशी. बाजूला लिहिले : 'दोष तांबड्या तारेत. गायिकांचा दोष नाही. जोडणी व तपासणी : ली. घोडके.' आणि सही केली. यामिनीबाईंनी वही मागून घेतली, वाचली, आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. मग शहनाजने केली. तिची सही दीड ओळ घेऊन गेली. यामिनीबाईंनी ते पाहिलेच.

संध्याकाळी साडेसहाला नाट्यगृह भरले. शेवटच्या कडव्याला दोघी मध्यभागी आल्या आणि मी दोन्ही हात मिक्सरवरून काढून मांडीवर ठेवले. ओळ सुरू झाली. ते दोन आवाज रंगमंचावर एकत्र कसे लागतात हे मी तोवर ऐकलेलेच नव्हते. कोणीच ऐकलेले नव्हते. शेवटच्या सुरावर यामिनीबाई थांबायला हव्या होत्या, त्या थांबल्या नाहीत. शहनाजही थांबली नाही. वादकांनी दोन आवर्तने जास्त वाजवली आणि त्या दोघी एकमेकींच्या डोळ्यांत पाहत सूर धरून राहिल्या, कोण आधी सोडते ते पाहत. माझ्या शेजारचे गृहस्थ उभे राहिले. मग सगळी रांग उभी राहिली.

त्या मैत्रिणी झाल्या नाहीत. पुढे नऊ वर्षे एकत्र गायल्या, नऊ वर्षे पोस्टरवरची अक्षरे विती लावून मोजली. शहनाजच्या लग्नात यामिनीबाईंनी तिच्यापेक्षा भारी पैठणी नेसली, असे म्हणतात. माझा सहावा कार्यक्रम इचलकरंजीला झाला. त्यानंतर नाडगौडांकडून पत्र आले नाही. मी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

दोन वर्षांपूर्वी माझी भाची मला पुण्यात शहनाजच्या कार्यक्रमाला घेऊन गेली. शहनाजला भेटायचे असा काही बेत नव्हता. आम्ही लवकर पोचलो होतो आणि सवयीने मी मिक्सरजवळची खुर्ची धरली. मिक्सरवर पंचविशीची एक मुलगी होती, कानांवर हेडफोन. रंगमंचावर केस पांढरे झालेली शहनाज आली. तिने दोन माइक घेतले, एकत्र जोडून ओठांशी धरले, एक ओळ म्हटली. भरभरून आली. तिने माइक ठेवले आणि हात वर केला.

"घोडके झालं," ती मिक्सरच्या दिशेने म्हणाली.

"घोडके झालं," मुलीने उत्तर दिले आणि तिच्या कागदावर खूण केली.

"हे काय असतं?" मी विचारले.

"आमची चाचणी आहे, आजी. दोन माइक, एक आवाज. शहनाजताई आणि यामिनीताईंनी पाडलेली पद्धत. ही झाल्याशिवाय त्या दोघी कधी गायल्याच नाहीत. आता तर माझ्या ओळखीची बरीच मंडळी करतात."

"नाव असं का?"

"कुणास ठाऊक. कुठल्या कंपनीचं असेल."

भाची काही बोलणार होती. मी तिच्या हातावर हात ठेवला.

तिच्या मिक्सरमागून निघालेल्या तारा नीट गुंडाळलेल्या होत्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख. मला त्या मुलीचे काम आवडले.

"दोन्ही टोकं उघडून पाहिलीस?" मी विचारले.

तिने हेडफोन एका कानावरून बाजूला केला आणि माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिले.

"दोन्ही," ती म्हणाली.